यादीतले नाव

४ जून २०२४. गोरेगावच्या नेस्को संकुलात मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा मतदारसंघाची मोजणी चालू होती. यंत्रांतली सगळी मते एकत्र केल्यावर अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. नऊ लाखांवर मतांत फरक एका मताचा. टपाली मते मिळवली तेव्हा पारडे फिरले, कारण त्यांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मते होती. वायकर ४८ मतांनी निवडून आले. अंधेरीतल्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या सोसायटीच्या दोन-तीन मजल्यांवर एवढे मतदार सहज राहतात.

मतदान वाढावे म्हणून झटणाऱ्या मंडळींना असा आकडा म्हणजे पर्वणीच. ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असे विचारणाऱ्याच्या तोंडावर तो फेकता येतो. पण एवढ्यावर थांबले तर त्याच निकालातली अधिक मोलाची गोष्ट निसटते. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व मिळून झालेल्या या मतदारसंघाच्या यादीत सतरा लाखांहून अधिक नावे होती आणि मतदान झाले ५५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे साडेसात लाखांहून अधिक नावांपुढे खूण झालीच नाही. ही सगळी माणसे त्या दिवशी पंखा लावून घरी लोळत होती, असे आपण सरसकट धरून चालतो. त्यांतली कितीतरी त्या पत्त्यावर राहतच नव्हती. काही तर या जगातही नव्हती. निकालाला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, त्यात दुसऱ्याच्या नावावर मत टाकल्याचाही मुद्दा होता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. तरी एवढे खरे की जिथे न राहणाऱ्यांची नावे यादीत साठून राहतात, तिथे असे संशय फुटायला जागा राहतेच.

उपनगरांतल्या मतदानाची चर्चा नेहमी उदासीनतेपासून सुरू होते आणि तिथेच संपते. उदासीनता आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. याच अंधेरी पूर्वमध्ये ३ नोव्हेंबर २०२२ च्या विधानसभा पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतल्यावर चुरस उरली नाही, तेव्हा मतदान ३२ टक्क्यांनाही पोहोचले नाही. ऋतुजा लटके निवडून आल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर १२,८०६ मते घेऊन ‘नोटा’ आला. एवढ्या माणसांनी उन्हातून जाऊन, रांग लावून, ‘यांपैकी कोणीही नाही’चे बटण दाबले. त्यांना उदासीन म्हणायचे का? मला तर ते त्या दिवसाचे सर्वांत चिकाटीचे मतदार वाटतात.

आता टक्केवारी कशी निघते ते पाहू. झालेले मतदान भागिले यादीतली नावे. समजा एका यादीभागात १,२०० नावे आहेत, त्यांतली २०० माणसे घर सोडून गेलेली किंवा वारलेली आहेत आणि ६०० जणांनी मत दिले. कागदावर आकडा ५० टक्के येतो. प्रत्यक्ष राहणाऱ्यांत तो ६० टक्के असतो. उपनगरांत हा फरक मोठा पडतो, कारण इथे माणूस एका पत्त्यावर टिकत नाही. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. घरमालक बदलला की वॉर्ड बदलतो, कधी मतदारसंघही. शिवाय २०२२ च्या ऑगस्टपर्यंत दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेलेल्या माणसाला नवा मतदार समजून नमुना ६ भरावा लागत असे. नव्या ठिकाणी नाव लागायचे आणि जुन्या ठिकाणचे बरेचदा तसेच राहायचे. आता पत्ताबदल, दुरुस्ती आणि बदली ओळखपत्र या सगळ्यांसाठी एकच नमुना ८ आहे. पण मागची साठवण कायम आहे. महापालिका निवडणुकीच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, राज्य निवडणूक आयोगाने मुंबईची प्रारूप यादी काढली तेव्हा १ कोटी ३ लाखांच्या आसपास नावांत सुमारे ११ लाख नोंदी दुबार असू शकतात असे दिसले. ‘दुबार’ हा शब्द त्या काळात रिक्षावाल्यांच्या तोंडीही रुळला होता.

उपनगरांची एक खास अडचण म्हणजे पुनर्विकास. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या तीन-चार मजली इमारती पाडून मनोरे उभे राहतात. रहिवासी बिल्डरकडून भाडे घेऊन तीन-चार वर्षांसाठी ठाणे, डोंबिवली, विरार असे पांगतात. मतदार म्हणून त्यांचे घर कुठले? कायद्याची कसोटी ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ अशी आहे. नुसते घर नावावर असणे पुरेसे नाही आणि तात्पुरते बाहेर राहिल्याने हक्क जातो असेही नाही. वकिलांना यावर बोलायला भरपूर वाव आहे. बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, मात्र त्या पत्त्यावर पोहोचतो तेव्हा त्याला दिसतात निळे पत्रे आणि खोदलेला खड्डा. तो ‘स्थलांतरित’ अशी नोंद करतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. हा बीएलओ बहुधा शाळेतली शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचा कर्मचारी असतो. आपली नोकरी सांभाळून तो हजार-बाराशे नावांचा भाग बघतो. फाटकावरचा वॉचमन त्याला आत सोडत नाही. सोडलाच तर दारावरची बेल वाजते तेव्हा घरात कोणी नसते.

स्वयंसेवकाची जागा नेमकी इथे आहे. बीएलओला जे माहीत नाही ते सोसायटीच्या सेक्रेटरीला, लायब्ररी चालवणाऱ्या काकांना किंवा गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांना माहीत असते: चारशे एकमधल्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या, सहाशे दोनमधली मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, नऊशे तीनमध्ये नवे भाडेकरू आले. आपल्या इमारतीचा यादीभाग उतरवून घ्यायचा आणि एका रविवारी सोसायटीच्या ऑफिसात टेबल मांडून नावे ताडून पाहायची, एवढेच हे काम. कॅमेऱ्यासमोर करण्याजोगे त्यात काही नाही. त्यातला निम्मा वेळ एकाच गैरसमजावर जातो.

‘माझं कार्ड आहे हो, मग नाव कसं नाही?’

‘काकू, कार्ड असलं तरी यादीत नाव असावं लागतं. कार्ड फक्त ओळख पटवायला.’

हे वाक्य उपनगरांतल्या स्वयंसेवकांनी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. टी. एन. शेषन यांच्या काळात, १९९३ पासून, मतदार ओळखपत्रे आली. ती पाकिटात आल्याने लोकांना वाटले की हक्कच पाकिटात आला. एप्रिल २०१४ मध्ये महाराष्ट्रात असंख्य मतदारांना केंद्रावर गेल्यावर आपले नाव गायब झाल्याचे कळले आणि निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांना जाहीर माफी मागावी लागली. त्या दिवशी संतापून परतलेल्यांपैकी अनेकांच्या हातात कार्ड होते.

सर्वांत अवघड काम नमुना ७ चे. मृताचे नाव वगळण्यासाठी तो भरतात. शेजारच्या घरात जाऊन ‘तुमच्या बाबांचं नाव काढायचं का?’ असे विचारायला जीभ रेटत नाही. कित्येक घरांत ते नाव राहू देणे हा आठवणीचाच भाग असतो. चांगला स्वयंसेवक हा विषय शेवटी काढतो, चहा झाल्यावर.

लोकांना मतदानाला बाहेर काढण्याचा अभ्यास जगात शंभर वर्षे चालू आहे. शिकागोत हॅरॉल्ड गॉसनेल या राज्यशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये काही हजार नागरिकांचे गट पाडले, काहींना नोंदणीची आणि मतदानाची आठवण देणारी पत्रे धाडली, काहींना नाही, आणि फरक मोजला. पुढे १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी सुमारे तीस हजार मतदारांवर मोठा प्रयोग केला. दारात येऊन बोलणाऱ्या माणसामुळे मतदान स्पष्टपणे वाढले, टपालाने आलेल्या पत्राने थोडेसे आणि भाडोत्री फोनने जवळजवळ नाहीच. ऐकल्यावर ‘हे तर आमच्या आजीलाही ठाऊक होते’ असे वाटेल. पण दर निवडणुकीत जिंगल, होर्डिंग आणि सिनेकलाकारांच्या चित्रफिती यांवर जो खर्च होतो तो पाहता हे सर्वांना ठाऊक आहे असे दिसत नाही.

याच संशोधकांनी क्रिस्टोफर लॅरिमर यांच्यासह २००६ मध्ये मिशिगन राज्यात एक खट्याळ प्रयोग केला. त्यांनी लोकांना पत्र पाठवले: मागच्या निवडणुकीत तुम्ही मत दिले का, तुमच्या शेजाऱ्यांनी दिले का, ते यात आहे आणि यावेळचा तक्ताही आम्ही पाठवू. ज्यांना काहीच पाठवले नाही त्यांचे मतदान ३० टक्क्यांच्या आसपास राहिले, हे पत्र मिळालेल्यांचे ३८ टक्क्यांच्या जवळ गेले. परिणाम जबरदस्त. तरीही मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत कोणी फलकावर असा तक्ता लावला तर पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय सोडून त्याच्यावरच दोन तास भांडण होईल, आणि ते योग्यच होईल. मत न देण्याचाही हक्क माणसाला आहे. लाज हे औषध कडक असते, त्याची पुडी शेजाऱ्याच्या हातात देऊ नये. त्या प्रयोगातून घेण्यासारखे एवढेच की माणूस मतदानाला जातो त्यात ओळखीच्या डोळ्यांचा वाटा मोठा असतो. ‘आम्ही सकाळी सातला खाली जमतोय, येताय ना?’ या प्रश्नात धाक नसतो, सोबत असते.

अनोळखी गर्दीतली भावना किती पातळ असते हे मुंबईने २००९ मध्ये पाहिले. आदल्या वर्षीच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर गेटवेपाशी हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले, राजकारण्यांना जाब विचारणारे फलक झळकले, ‘जागो रे’सारख्या मतदार जागृतीच्या देशव्यापी मोहिमा जोरात होत्या. मग ३० एप्रिलला लोकसभेचे मतदान आले. गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी, पुढे शनिवार-रविवार. शहराचे मतदान ४१ टक्क्यांच्या आसपास राहिले. पुढे आयोगानेही कॅलेंडर ओळखले. २०२४ ची विधानसभा मुद्दाम बुधवारी, २० नोव्हेंबरला ठेवली, म्हणजे कोणाला आठवडाअखेर जोडून लोणावळा गाठता येऊ नये.

त्याआधी सहा महिने, २० मे २०२४ ला, सोमवारी, लोकसभेच्या मतदानात जे घडले त्यात मतदारांचा दोष कमी होता. घामाच्या धारा, हळू सरकणाऱ्या रांगा, सावलीला मंडप नाही, आणि मोबाइल आत नेता येणार नाही असे केंद्राच्या दारात कळल्यावर तो ठेवायचा कुठे याला उत्तर नाही. काही जण रांग सोडून परत गेले. त्या दिवशी काही हॉटेलांनी शाई लावलेले बोट दाखवणाऱ्याला बिलात २० टक्के सूट दिली होती. हेतू चांगला असेल. मला मात्र वाटते की दोन तास उन्हात उभ्या असलेल्या आजोबांना सवलतीपेक्षा खुर्ची आणि पाण्याचा ग्लास अधिक कामाचा होता, आणि तो जिथे मिळाला तिथे बहुधा गल्लीतल्याच कोणीतरी दिला. विधानसभेच्या वेळी एका केंद्रावरची मतदारसंख्या कमी केली गेली आणि मोठ्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारातही केंद्रे आली. पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना आणि चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना नमुना १२ ड भरून घरून मत देता येते. पण तो अर्ज अधिसूचनेनंतरच्या मोजक्या दिवसांत द्यावा लागतो. घरातल्या तरुण माणसाने वेळेत चौकशी केली नाही तर ती सोय कागदावरच राहते.

या सगळ्या चित्रात एक कार्यकर्ता राहून गेला: पक्षाचा. ‘निःपक्ष’ मंडळींना त्याचे नाव घ्यायला आवडत नाही. शिवसेनेच्या शाखेतला गटप्रमुख एकेका यादीभागाची जबाबदारी घेतो, नावे लावून देतो, मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर टेबल टाकून चिठ्ठ्या काढून देतो. इतर पक्षांनीही आपापली अशी साखळी उभारली आहे. चाळीत आणि वस्तीत ही साखळी दारोदार पोहोचते. तिथला माणूस रेशनकार्डापासून शाळाप्रवेशापर्यंत त्याच शाखेत जातो, म्हणून मतदानालाही जातो. ही साखळी स्वार्थी असेल, आपल्याच मतदाराला शोधत असेल, पण ती चालते. ती अडते मनोऱ्याच्या फाटकावर. नागरिकांच्या गटांचा खरा उपयोग तिथे आहे, कारण ते फाटकाच्या आत राहतात. वस्तीत जाऊन तिथल्यांना लोकशाही समजावण्याची हौस काहींना असते. तिथे त्यांनीच चार गोष्टी शिकून यावे.

मतदान संपल्यावर काय, या प्रश्नाचे एक उत्तर घाटकोपरने दिले. १९९६-९७ च्या सुमारास घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करायला, ओल्याचे खत करायला आणि गल्लीची निगा स्वतः बघायला सुरुवात केली. पालिकेच्या एन विभागाने त्यांना साथ दिली. त्यातूनच पालिकेची ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ योजना शहरभर गेली. लोक तिला एएलएम म्हणतात. गल्लीतल्या इमारतींनी समिती करायची, वॉर्ड ऑफिसात नोंदवायची आणि अधिकाऱ्यांनी तिच्याबरोबर बैठका घ्यायच्या, अशी तिची रीत. बऱ्याच समित्या काही वर्षांत थंडावल्या. जिथे दोन-तीन निवृत्त माणसे आणि एखादी खमकी बाई टिकून राहिली तिथे चालल्या. टीका अशी की यात मध्यमवर्गीय इमारतींचाच आवाज चालतो आणि फेरीवाल्यांना हटवणे हाच अनेकांचा आवडता कार्यक्रम होतो. टीकेत तथ्य आहे. पण वॉर्ड ऑफिसचा जिना चढायची, नाला कोणाच्या खात्यात येतो हे विचारायची आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवायची सवय या समित्यांनीच लावली.

१९९९ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी बी. जी. देशमुख यांच्या पुढाकाराने ‘अग्नी’ ही संस्था आली. जाहिरात आणि रंगभूमी या दोन्हींत नाव कमावलेले गेर्सन दा कुन्हा तिचा चेहरा झाले. मतदार नोंदणी, उमेदवारांशी भेटी, वॉर्डावॉर्डांतले समन्वयक अशी तिची बांधणी होती. नगरसेवक आणि आमदार सभागृहात किती प्रश्न विचारतात याची प्रगतिपुस्तके ‘प्रजा फाउंडेशन’ने छापायला घेतली. आणि २००७ च्या महापालिका निवडणुकीत जुहूच्या रहिवाशांनी एक पाऊल पुढे टाकले: पक्षांनी दिलेल्या नावांतून निवडण्याऐवजी आपसांत बसून आपला उमेदवार ठरवला. ॲडॉल्फ डिसूझा अपक्ष म्हणून निवडूनही आले. तो प्रयोग शहरभर वठला नाही. २२७ नगरसेवकांच्या सभागृहात एकट्या अपक्षाला निधीसाठी आणि समितीतल्या जागेसाठी पक्षांच्या दारात उभे राहावेच लागते. शिवाय जुहूइतकी जुनी ओळख असलेला शेजार सगळीकडे नसतो.

एके काळी उपनगरांना आपापल्या नगरपालिका होत्या. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरचा पट्टा आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला. त्या नगरपालिकांच्या काळातला नगरसेवक रस्त्यात भेटायचा. आज मतदार भागिले प्रभाग केले तर एकेका नगरसेवकामागे पंचेचाळीस हजारांच्या आसपास मतदार येतात. तोही मार्च २०२२ पासून नव्हता. मुदत संपली, निवडणूक न्यायालयीन वादांत अडकली आणि २०२५-२६ मध्ये ७४ हजार कोटींचे अंदाजपत्रक असलेली महापालिका जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने चालवली. त्या काळात गल्लीतल्या समित्यांनाच थेट सहायक आयुक्तांचे दार ठोठवावे लागले. काही ठिकाणी कामे उलट लवकर झाली, असे लोक सांगतात. हे ऐकून मला बरे वाटत नाही. ज्याला आपण निवडले नाही आणि पाडूही शकत नाही, त्याच्याकडून काम होते यात समाधान मानणे ही नागरिकाच्या अंगाला लागणारी वाईट सवय आहे.

१५ जानेवारी २०२६ ला अखेर मतदान झाले आणि आकडा ५३ टक्क्यांच्या आसपास आला, २०१७ पेक्षा थोडा खाली. या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरली होती. मतदार नोंदणीसाठी वर्षात चार तारखा असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. पण पालिकेची यादी एका तारखेला गोठते आणि ती तारीख बहुतेकांना मागाहून कळते. दिवाळीत उत्साहाने नोंदणी केलेल्यांचे नाव विधानसभेच्या यादीत चढले, तरी प्रभागाच्या यादीत नव्हते. ज्यांना १ जुलैनंतर अठरा पूर्ण झाली त्यांना पालिकेसाठी पहिले मत देता येईल ते मुदतीप्रमाणे २०३१ मध्ये. तेव्हा ते तेवीस वर्षांचे असतील, नोकरीला लागलेले असतील, आणि बहुतेक जण दुसऱ्याच कुठल्यातरी पत्त्यावर राहत असतील.